विश्लेषण : कसलाही अनुभव नसताना विष्णुपंत दामले ध्वनिमुद्रक कसे झाले? ‘प्रभात’च्या बोलपटांमागच्या कारागिराची गोष्ट

‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक म्हणून विष्णुपंत दामले यांचे नाव मराठी माणसाला ठाऊक असते. पण हे नाव दिग्दर्शक म्हणून गाजण्याआधी काही वर्षे ते ‘प्रभात’च्या बोलपटांचे ध्वनिमुद्रक होते. आणि हे काम त्यांनी हाती घेतले तेव्हा त्यांना त्याचा एका दिवसाचाही अनुभव नव्हता. तो त्यांनाच काय, देशात जवळपास कुणालाच नव्हता. कंपनीचे मालक-भागीदार असलेल्या, चाळिशीला टेकलेल्या या गृहस्थाने पुन्हा एकदा उमेदवारी केली आणि त्यातून मराठी चित्रपटाला आवाज मिळाला. ही उमेदवारी नेमकी कशी होती, याचा हा आढावा.

विष्णुपंत दामले कोण होते?

विष्णुपंत गोविंद दामले यांचा जन्म १८९२ साली पेण येथे झाला. आजच्या रायगड जिल्ह्यातले हे गाव गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. विष्णुपंतांचा ओढा लहानपणापासून हातकामाकडे होता. हीच ओढ त्यांना कोल्हापूरला आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंकडे घेऊन गेली.

पेंटर बंधू त्या काळी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. राजवाडा, अरण्य, रस्ता, देऊळ असे देखावे कापडावर उभे करणे हे त्यांचे काम. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्यांना शाळेसारखा अभ्यासक्रम नव्हता. रंग घोटा, कापड ताणा, शिडी धरा आणि वरचा हात कसा चालतो ते बघा, अशी ही पद्धत. तिला उमेदवारी म्हणत. पगार जेमतेम आणि काम पडेल ते.

याच ठिकाणी दामले यांना शेख फत्तेलाल भेटले. फत्तेलाल कागलचे, वयाने थोडे लहान आणि चित्रकलेत तरबेज. पुढे सगळे त्यांना साहेबमामा म्हणू लागले आणि विष्णुपंतांना दामलेमामा. ही जोडी आयुष्यभर टिकली. चित्रपटांच्या श्रेयनामावलीत दामले-फत्तेलाल हे नाव एकाच माणसाचे असावे इतके जोडून येते.

कॅमेरा घरी बनवणाऱ्या कार्यशाळेत काय शिकायला मिळाले?

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला. तो पाहून अनेकांना चित्रपट काढावासा वाटला, पण पेंटर बंधूंनी एक पायरी आधीपासून सुरुवात केली. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता, तेव्हा तो आपणच बनवायचा असे त्यांनी ठरवले. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले आणि काम अर्धवट राहिले. ते पुढे नेले बाबूरावांनी, आणि त्यांच्या जोडीला होते दामले. १९१८ च्या सुमारास कॅमेरा तयार झाला.

कॅमेऱ्याच्या पोटात फिल्म सरकते, क्षणभर थांबते, झडप उघडते, प्रकाश पडतो, झडप मिटते आणि फिल्म पुन्हा सरकते. हे एका सेकंदात अनेकदा घडावे लागते. दातेरी चाक केसभर चुकले तरी चित्र थरथरते. कान आणि बोटे यांच्या जोरावर ही चूक शोधायची सवय दामले यांना इथे लागली. विकत आणलेले यंत्र चालवणारा आणि यंत्र स्वत: जुळवलेला, यांच्यात फरक असतो. पहिला यंत्र बंद पडले की थांबतो. दुसरा ते उघडतो.

बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली प्रदर्शित झाला. पुढच्या काही वर्षांत दामले यांनी नेपथ्य, कॅमेरा आणि यांत्रिक बाजू अशी निरनिराळी कामे केली. १९२८ साली फत्तेलाल यांच्याबरोबर ‘महारथी कर्ण’ या मूकपटाचे दिग्दर्शनही केले. याच कंपनीत शांताराम वणकुद्रे नावाचा एक तरुण पडेल ते काम करत वर चढत होता. तेच पुढचे व्ही. शांताराम.

‘प्रभात’पुढे १९३१ मध्ये कोणता पेच होता?

१ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. भांडवलासाठी सराफीचा व्यवसाय असलेले सीतारामपंत कुलकर्णी भागीदार झाले. कामाची वाटणी सरळ होती. शांतारामांकडे दिग्दर्शन, धायबर यांच्याकडे कॅमेरा, फत्तेलाल यांच्याकडे कलादिग्दर्शन. दामले यांच्याकडे यंत्रे, तांत्रिक व्यवस्था आणि कारखाना चालता ठेवण्याची जबाबदारी.

दोन वर्षांत सहा मूकपट झाले. ‘गोपाळकृष्ण’पासून सुरू झालेली गाडी रुळावर येत होती, आणि नेमक्या याच वेळी रूळच बदलले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ लागला. पडद्यावरची माणसे बोलू आणि गाऊ लागली. तिकिटांसाठी एवढी झुंबड उडाली की पोलिसांना बोलवावे लागले.

बोलपट हे चार दिवसांचे कौतुक ठरेल, असा कयास चित्रपट व्यवसायातल्या अनेकांचा होता. सुरुवातीला खुद्द शांतारामांचेही मत तसेच होते. पण मागणी थांबेना. मूकपट काढत राहिलो तर दुकान बंद होईल, आणि बोलपट काढायचा तर नवी यंत्रे लागतील, नवा खर्च होईल, असा पेच होता. त्याहून मोठा प्रश्न होता तो माणसाचा. ही यंत्रे चालवणार कोण?

अनुभवी ध्वनिमुद्रक का मिळत नव्हता?

कारण तो अस्तित्वातच नव्हता. ‘आलम आरा’ची गोष्ट याबाबत बोलकी आहे. इराणी यांनी यंत्राबरोबर विल्फर्ड डेमिंग हा अमेरिकी तंत्रज्ञ आणवला होता. त्याचा मेहनताना दिवसाला १०० रुपये. त्या काळात ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. त्यामुळे इराणी आणि त्यांचे सहकारी रुस्तम भरुचा यांनी त्याच्याकडून महिनाभरात जमेल तेवढे शिकून घेतले आणि पुढचे ध्वनिमुद्रण स्वत:च केले. स्टुडिओ रेल्वेमार्गालगत होता, म्हणून गाड्यांचा खडखडाट थांबला की रात्री एक ते पहाटे चार या वेळात चित्रीकरण चाले.

म्हणजे देशातला पहिला बोलपटही जाहिरात देऊन नेमलेल्या अनुभवी ध्वनिमुद्रकाने केलेला नव्हता. गरज पडली म्हणून शिकलेल्या निर्मात्याने तो केला होता. मुंबईत तरी परदेशी तंत्रज्ञ, यंत्रांचे विक्रेते आणि दुरुस्तीची सोय होती. कोल्हापुरात त्यातले काहीच नव्हते. बाहेरून माणूस आणला तर त्याचा पगार कंपनीला खाऊन टाकणार, आणि तो निघून गेला तर यंत्र धूळ खात पडणार. तेव्हा शिकायचे ते घरच्याच माणसाने. हे काम दामले यांनी अंगावर घेतले. त्या वेळी ते ३९ वर्षांचे होते.

हे काम दामले यांच्याकडेच का आले?

वरवर पाहता दामले यांच्याकडे आवाजाशी संबंधित काहीच नव्हते. ते गवई नव्हते, वीजतंत्रज्ञ नव्हते, रेडिओचा अनुभवही नव्हता. पण त्यांच्याजवळ तीन गोष्टी होत्या आणि ध्वनिमुद्रणाला नेमक्या त्याच लागत होत्या.

पहिली, यंत्राची भीती नसणे. कॅमेरा स्वत: जुळवलेल्या माणसाला नवे यंत्र म्हणजे ओळखीच्या भागांची नवी मांडणी वाटते.

दुसरी, फिल्मची जाण. त्या काळी आवाजही फिल्मवरच उमटवत असत. रसायनात फिल्म किती वेळ ठेवायची, पाण्याचे तापमान थोडे बदलले तर काय होते, हे मूकपटांच्या काळात हाताने केलेल्या माणसाला ठाऊक होते.

तिसरी, स्वभाव. दामले मितभाषी होते. पुढे येऊन मिरवणे त्यांना जमत नसे. ध्वनिमुद्रकाला चित्रीकरण चालू असताना गप्प राहून फक्त ऐकायचे असते. हा गुण शिकवून येत नाही.

आवाज फिल्मवर उमटतो कसा?

आज मोबाइलवर लाल ठिपका दाबला की आवाज साठतो आणि लगेच ऐकताही येतो. १९३१ साली चुंबकीय टेपसुद्धा आपल्या स्टुडिओंत नव्हती. तेव्हाची रीत अशी होती.

कलाकार बोलला की हवेच्या कंपनांनी मायक्रोफोनचा पडदा हलतो आणि त्यातून अत्यंत क्षीण वीजप्रवाह निघतो. हा प्रवाह अॅम्प्लिफायरमधून वाढवला जातो. वाढलेल्या प्रवाहानुसार प्रकाशाचा एक झोत कमी-जास्त होतो आणि तो झोत सरकत्या फिल्मवर पडतो. फिल्म धुतल्यावर तिच्या कडेला एक अरुंद पट्टी दिसते. त्या पट्टीवर फिकट-गडद रेघा किंवा उंच-सखल लाटा असतात. हाच फिल्मवर लिहिला गेलेला आवाज. चित्रपटगृहात या पट्टीतून प्रकाश आरपार गेला की तो पुन्हा विजेत आणि वीज पुन्हा आवाजात बदलते.

यातली प्रत्येक पायरी चुकू शकत असे. मूकपटात कॅमेरा हाताने फिरवत. सेकंदाला चौकटी सोळा झाल्या काय आणि अठरा झाल्या काय, डोळ्याला फारसे खटकत नसे. बोलपटात सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट, हा वेग पक्का करावा लागला. वेग किंचित डळमळला तर डोळा माफ करतो, कान करत नाही. गाण्यातला सूर लगेच हेलकावतो.

सर्वांत अवघड भाग होता तो वाट पाहण्याचा. घेतलेला आवाज तिथल्या तिथे परत ऐकता येत नसे. ध्वनिमुद्रक कानाला फोन लावून चित्रीकरण चालू असताना जे ऐकेल तेवढेच. खरी परीक्षा फिल्म धुऊन, वाळवून, प्रत काढून पडद्यावर लावल्यावर. तोवर सेट मोडलेला असे, कलाकार घरी गेलेले असत. म्हणून कानाने एकदा होकार दिला की त्याची जबाबदारी मोठी असे.

फिल्म लॅबमध्ये जराशी जास्त धुतली गेली तरी खरखर वाढे. त्यामुळे त्या काळचा ध्वनिमुद्रक फक्त सेटवर असून भागत नसे. दिवसा तो मायक्रोफोनजवळ आणि रात्री रसायनांच्या टाक्यांजवळ असे. दामले यांना ही दुसरी जागा आधीपासून परिचयाची होती. शिकाऊ ध्वनिमुद्रक म्हणून त्यांची जमेची बाजू कोणती, तर ही.

‘अयोध्येचा राजा’ हे पहिलेच काम एवढे कठीण का होते?

‘प्रभात’ने पहिल्या बोलपटासाठी हरिश्चंद्र-तारामतीची कथा निवडली. शांताराम दिग्दर्शक, गोविंदराव टेंबे हरिश्चंद्राच्या भूमिकेत आणि संगीतकारही तेच. तारामती होत्या दुर्गा खोटे. ध्वनिमुद्रण दामले यांचे. १९३२ च्या आरंभी हा बोलपट प्रदर्शित झाला. मराठी बोलपटांच्या इतिहासाची सुरुवात साधारणपणे याच्यापासून सांगितली जाते.

नवख्या माणसाला सोपे काम देऊन हात बसवावा, असा प्रघात असतो. इथे उलट झाले. हा बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत एकाच वेळी केला गेला. म्हणजे प्रत्येक प्रसंग दोनदा. प्रत्येक वाक्यासाठी मायक्रोफोनची जागा, कलाकाराचे अंतर आणि शांतता दोनदा जमवायची. चूक झाली तर फिल्म दुप्पट वाया जाणार.

गाण्यांचा प्रश्न त्याहून बिकट. आज गाणे आधी मुद्रित होते आणि चित्रीकरणाच्या वेळी कलाकार त्यावर ओठ हलवतात. ही पार्श्वगायनाची पद्धत आपल्याकडे १९३५ पासून रुजली. कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने ती ‘धूप छाँव’मध्ये ठसठशीतपणे वापरली. त्याआधी कलाकारालाच कॅमेऱ्यासमोर गावे लागे. वादकही तिथेच, पण चौकटीबाहेर बसलेले असत. कॅमेरा जवळ आला की वादकांनी मागे सरकायचे. ते मागे गेले की वाद्य क्षीण व्हायचे. पुढे आले की गाणाऱ्याचा आवाज बुडवायचे.

आजच्यासारखी प्रत्येक वाद्याची वेगळी कळ नव्हती. आवाजांचा तोल साधायचा तो माणसांना बसवून. तबलजीला चार हात मागे, हार्मोनियमला किंचित डावीकडे, गाणाऱ्याला मायक्रोफोनच्या रोखाने. हे गणित एका चित्रचौकटीत माणसे मांडण्यासारखेच असते. आयुष्याची सुरुवात नाटकाचे पडदे रंगवण्यात गेलेल्या, म्हणजेच सपाट कापडावर जवळचे आणि लांबचे दाखवणे शिकलेल्या दामले यांना अंतराचा हा हिशेब परका नव्हता.

आणखी एक अडचण गायनाच्या सवयीची. टेंबे संगीत रंगभूमीवरून आलेले. नाटकात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवावा लागे. मायक्रोफोन मात्र दोन-तीन हातांवर टांगलेला. मोठा आवाज त्याला सोसत नाही, फाटतो. रंगभूमीची पिढी बोलपटात आली तेव्हा तिला आवाज आवरायला शिकावे लागले. हे सांगण्याची वेळ ध्वनिमुद्रकावर येई. काल हे काम शिकलेल्या माणसाने नामवंत कलावंताला हळू गाण्याची विनंती करायची, यासाठी दामले यांच्यासारखा मृदू माणूसच हवा.

बाहेरच्या आवाजांची तर गणतीच नव्हती. कोल्हापुरातले चित्रीकरण प्रामुख्याने उन्हाच्या भरवशावर चाले. उजेड हवा म्हणून उघडे छप्पर, आणि उघडे छप्पर म्हणून कावळे, वारा, रस्त्यावरची वर्दळ. मूकपटाला याचे काही नव्हते. दिग्दर्शक कॅमेरा चालू असताना ओरडून सूचना देऊ शकत असे. आता खोकलासुद्धा फिल्मवर उमटू लागला.

एवढे सगळे सांभाळून काढलेला बोलपट लोकांनी उचलून धरला. ‘प्रभात’ वाचली. नुसती वाचली नाही, तर पुढच्या दीड वर्षात ‘अग्निकंकण’, ‘माया मच्छिंद्र’, ‘सिंहगड’ असे बोलपट कोल्हापुरातूनच निघाले. तुतारी फुंकणारी स्त्री ही कंपनीची मुद्रा. मूकपटांच्या काळात ती नि:शब्दच होती. आता तुतारी खरोखर ऐकू येऊ लागली.

पुण्याला गेल्यावर काय बदलले?

१९३३ साली ‘प्रभात’ने कोल्हापूर सोडले आणि पुण्यात एरंडवण्याच्या माळावर स्टुडिओ उभारला. कारणांपैकी एक महत्त्वाचे कारण वीज हे होते. उन्हावर अवलंबून राहिले की छप्पर उघडे ठेवावे लागते, आणि छप्पर उघडे ठेवले की आवाज बिघडतो. खात्रीची वीज मिळाली की दिवे लावून बंद दालनात काम करता येते. म्हणजे पुण्याला जाण्यामागे उजेडाइतकीच शांततेचीही गरज होती.

नव्या जागेत मोठी चित्रीकरण दालने, ध्वनिमुद्रणाची सोय, लॅब, संकलनाच्या खोल्या, सुतारखाना आणि कपडेपट असे सगळे एका आवारात आले. आपल्याला जे कोल्हापुरात चुकतमाकत शिकावे लागले, ते नव्या मुलांना इथे एका छताखाली पाहता येई. ‘प्रभात’ची रीत पेंटर बंधूंच्या कार्यशाळेचीच राहिली. मुलगा येई, कुठल्या तरी विभागात हाताखाली लागे आणि जे दिसेल ते शिके. अनंत माने संकलनाच्या खोलीतून तयार झाले आणि पुढे दिग्दर्शक म्हणून गाजले. राजा नेने, दत्ता धर्माधिकारी हेही याच आवारात घडले. दामले यांच्या अखेरच्या काळात गुरुदत्त नावाचा तरुण नृत्यदिग्दर्शनाच्या कामासाठी इथे आला होता.

‘संत तुकाराम’मध्ये ध्वनिमुद्रकाचा कान कुठे दिसतो?

१९३६ च्या डिसेंबरात ‘संत तुकाराम’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शन दामले-फत्तेलाल यांचे, पटकथा शिवराम वाशीकर यांची, संगीत केशवराव भोळे यांचे. मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ, ५७ आठवडे चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. भारतीय चित्रपटाला परदेशी महोत्सवात मिळालेली ही फार लवकरची दाद.

हा चित्रपट पाहताना एक गोष्ट जाणवते. त्यात कुणी ओरडत नाही. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम भाषण करत नाही, गातो. आणि गातानाही तो मैफलीत बसल्यासारखा नाही, तर शेजारच्या ओट्यावर बसल्यासारखा वाटतो. गौरी यांनी रंगवलेली जिजाई नवऱ्याला फटकारते, पण तिचा सूर घरातल्या बाईचा आहे, रंगमंचावरचा नाही. नाटकी फेक जाऊन बोलणे आले, यात लेखक आणि कलाकारांचा वाटा आहेच. पण मायक्रोफोनसमोर कोणता आवाज खरा वाटतो, हे चार वर्षे कानाला फोन लावून ऐकलेल्या दिग्दर्शकाचाही तो वाटा आहे, असे मानायला जागा आहे.

शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेला एक अभंग अनेकांना तुकारामांचाच वाटला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. शब्द त्या वळणाचे होतेच. पण चालीचा साधेपणा आणि मुद्रणातला जिव्हाळा नसता, तर हा गैरसमज इतका पक्का झाला नसता.

पुढे या जोडीने ‘गोपाळकृष्ण’ (१९३८) हा बोलपट आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) केला. ‘संत सखू’मध्ये (१९४१) राजा नेने त्यांच्या जोडीला होते.

मग दामले यांचे नाव मागे का राहिले?

याची कारणे कामाच्या स्वरूपात आहेत. ध्वनिमुद्रण उत्तम झाले तर ते कुणाच्या लक्षात येत नाही. बिघडले तरच बोलले जाते. कॅमेऱ्याची करामत पडद्यावर दिसते, आवाजाची दिसत नाही. त्यात दामले यांचा स्वभाव मागे राहण्याचा. ‘प्रभात’चा चेहरा म्हणून व्ही. शांताराम पुढे आले, आणि त्यांच्या प्रतिभेला ते शोभणारेच होते. पण रोज सकाळी कारखान्याचे चाक फिरते ठेवणारा माणूस दुसरा होता.

१९४२ साली शांताराम ‘प्रभात’मधून बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर सुरू केले. कंपनीचा भार उरलेल्या भागीदारांवर आला. ‘रामशास्त्री’ (१९४४) हा गाजलेला चित्रपट त्यानंतरचा. पण दामले यांची प्रकृती ढासळत गेली आणि ५ जुलै १९४५ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे ५२. त्यानंतर ‘प्रभात’ला पूर्वीचे दिवस आले नाहीत. १९५० च्या दशकात कंपनी बंद पडली. फत्तेलाल यांचे निधन १९६४ साली झाले.

अलीकडच्या काळात दामले यांच्यावर माहितीपट निघाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. माहितीपटाच्या नावातच त्यांना बोलपटांचा मूक नायक म्हटले आहे. याहून नेमके वर्णन सापडणे कठीण.

आज ध्वनिक्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी यात काय आहे?

‘प्रभात’चा स्टुडिओ आजही उभा आहे. १९६० साली त्याच आवारात आजची भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था, म्हणजे एफटीआयआय, सुरू झाली. तिथे ध्वनिमुद्रणाचे रीतसर शिक्षण मिळते. ‘स्लमडॉग मिल्यनेअर’च्या ध्वनिमिश्रणासाठी २००९ साली ऑस्कर मिळवणारे रसूल पुकुट्टी याच संस्थेचे विद्यार्थी. ज्या आवारात दामले यांनी बोलपटांचे आवाज घेतले, त्याच आवारात त्यांचेही शिक्षण झाले.

मधल्या काळात तंत्र पूर्ण बदलले. फिल्मवरची पट्टी गेली, चुंबकीय टेप आली, तीही गेली आणि संगणक आला. चित्रीकरणाच्या जागीच खरा आवाज घेण्याची १९३२ मधली अपरिहार्यता पुढे मागे पडली. संवाद नंतर स्टुडिओत मुद्रित करायची सवय लागली. ‘लगान’ने (२००१) जागेवरच्या ध्वनिमुद्रणाला पुन्हा प्रतिष्ठा दिली. म्हणजे कलाकार बोलत असतानाच त्याचा आवाज पकडायचा आणि भोवतीच्या आवाजांशी झुंजायचे, हे दामले यांचे काम आज पुन्हा सेटवर आले आहे.

या क्षेत्रात शिरू पाहणाऱ्या प्रत्येकापुढे आजही तोच जुना पेच असतो. अनुभव असल्याशिवाय काम मिळत नाही आणि काम मिळाल्याशिवाय अनुभव येत नाही. दामले यांच्या आयुष्यात या पेचाला एक उत्तर सापडते. त्यांनी ध्वनिमुद्रणाचा अनुभव येण्याची वाट पाहिली नाही. त्याच्या शेजारची कामे, म्हणजे यंत्र, रसायन, उजेड आणि अंतर, ती आधी नीट शिकून ठेवली होती. संधी आली तेव्हा त्यांना नवे शिकावे लागले ते थोडे, आणि जुने उपयोगी पडले ते पुष्कळ.

आजच्या भाषेत सांगायचे तर केबल गुंडाळणे, बॅटऱ्या भरून ठेवणे, लांब काठीवरचा मायक्रोफोन तासन्तास चौकटीबाहेर धरून उभे राहणे, मुद्रित फायलींची नोंद ठेवणे, ही त्याच शेजारच्या कामांची आजची रूपे आहेत. लघुपटांवर, एकांकिकांच्या मुद्रणात किंवा छोट्या स्टुडिओत ती करायला मिळतात. त्यांना श्रेयनामावलीत मोठी जागा नसते, पण कान तिथेच तयार होतो.

दुसरी गोष्ट वयाची आणि मानाची. कंपनीचा भागीदार असलेल्या माणसाने चाळिशीच्या उंबरठ्यावर नव्या यंत्रासमोर विद्यार्थी होऊन बसणे सोपे नव्हते. मालक म्हणून ते माणूस नेमू शकले असते. ते स्वत: शिकले, म्हणून कंपनीजवळ विद्या राहिली आणि ती पुढच्या मुलांना देता आली.

पुण्यात प्रभात रस्त्यावरून आज हजारो लोक रोज ये-जा करतात. रस्त्याला नाव देणाऱ्या त्या कंपनीची तुतारी पहिल्यांदा ऐकू आली, तेव्हा कानाला फोन लावून बसलेला माणूस पेणहून आलेला, पडदे रंगवत सुरुवात केलेला एक उमेदवार होता.